शब्दचर्चा: मूळ, उकल, अवयव आणि वर्गसमीकरणाचा ‘आलेख’

जिज्ञासू: वर्गसमीकरणांत ‘मूळ’ आणि ‘उकल’ एकाच अर्थाने येतात, तिथवर ठीक. पण उत्तरपत्रिकांत ‘मूळ क्ष + ३’ किंवा ‘मूळ (३, ०)’ असंही लिहिलेलं दिसतं. हे चालतं का?

बीजांक: दोन्ही चूक. मूळ ही संख्या असते, अवयव ही राशी असते आणि (३, ०) हा बिंदू असतो. उदाहरणार्थ ६क्ष² − क्ष − २ = ० घ्या. पहिला सहगुणक आणि स्थिरपद यांचा गुणाकार −१२, मधला सहगुणक −१. गुणाकार −१२ आणि बेरीज −१ देणारी जोडी −४ आणि ३. म्हणून मधल्या पदाची फोड:

६क्ष² − ४क्ष + ३क्ष − २ = ०
२क्ष(३क्ष − २) + १(३क्ष − २) = ०
(३क्ष − २)(२क्ष + १) = ०

इथपर्यंत हातात आले ते अवयव. गुणाकार शून्य असेल तर किमान एक अवयव शून्य असतो, म्हणून क्ष = २/३ किंवा क्ष = −१/२. ही मुळे. दुसऱ्या ओळीतला तो १ लिहायचा कंटाळा करू नये. तो गाळला की पुढच्या ओळीत २क्ष + १ ऐवजी नुसतं २क्ष उरतं.

लेखनाबद्दलही एक: एकवचन ‘मूळ’, अनेकवचन ‘मुळे’, सामान्यरूप ‘मुळां-’. ‘मूळे’ नव्हे. ‘मुळे समान असल्यामुळे’ कानाला विचित्र वाटतं, पण शुद्ध आहे.

ताळा: शून्याचा नियम फक्त शून्यालाच लागतो, हे ठासून सांगायला हवं. (क्ष − २)(क्ष − ५) = ४ दिसलं की क्ष − २ = ४ आणि क्ष − ५ = ४ असं लिहून ६ आणि ९ ही उत्तरं काढली जातात. त्यातलं ६ योगायोगाने बरोबर येतं आणि पद्धतच बरोबर असल्याचा भास होतो. कंस सोडवून क्ष² − ७क्ष + ६ = ० करा, मुळे १ आणि ६. दिलेल्या समीकरणात ९ घालून ताळा पाहिला तर ७ × ४ = २८ येतात, ४ नव्हे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे क्ष² = ५क्ष ला क्ष ने भागणं. त्यात ० हे मूळ हरवतं.

जिज्ञासू: आणि ‘अवयव पडत नाहीत, म्हणून मुळे नाहीत’?

बीजांक: तेही चूक. शाळेत ‘अवयव पडत नाहीत’ म्हणतात तेव्हा परिमेय संख्या वापरून पडत नाहीत, एवढाच अर्थ असतो. क्ष² − २क्ष − १ = ० चा विवेचक (मधल्या सहगुणकाच्या वर्गातून पहिला सहगुणक आणि स्थिरपद यांच्या गुणाकाराची चौपट वजा करून येणारी संख्या) ८, पूर्ण वर्ग नाही. फोड करत बसू नका, वर्गसमीकरणाच्या सूत्राने १ ± √२ मिळतं. सहगुणक पूर्णांक असतील तर विवेचक आधी काढावा. तो पूर्ण वर्ग निघाला तरच फोडीच्या वाटेला जावं.

अन्वस्त: आलेखाच्या बाजूने भर. ‘समीकरणाचा आलेख’ हा शब्दप्रयोग ढिला आहे. आलेख य = ६क्ष² − क्ष − २ चा असतो. मूळ म्हणजे तो क्ष-अक्षाला जिथे छेदतो त्या बिंदूचा क्ष-निर्देशक. फरक बारीक वाटेल, पण समीकरणाला २ ने गुणलं तर मुळे तीच राहतात आणि आलेख मात्र बदलतो: य-अक्षावरचा छेद −२ वरून −४ वर जातो. शिरोबिंदू, म्हणजे वक्र जिथे वळतो तो बिंदू, दोन्ही आलेखांत मुळांच्या बरोबर मध्ये, क्ष = १/१२ वर.

विवेचक शून्य असेल तिथे ‘एकच मूळ’ न म्हणता ‘दोन समान मुळे’ म्हणावं. क्ष² − ६क्ष + ९ मध्ये (क्ष − ३) हा अवयव दोनदा येतो, म्हणूनच वक्र (३, ०) पाशी अक्षाला स्पर्श करून परत फिरतो, पार जात नाही. विवेचक ऋण असला, जसं क्ष² − २क्ष + ५ मध्ये −१६, तर ‘वास्तव मुळे नाहीत’ असं पूर्ण लिहावं. तिथे वक्राचा सर्वांत खालचा बिंदू (१, ४), अक्षापासून ४ एकक वर.

जिज्ञासू: म्हणजे आलेखाने अक्ष छेदला की ते उत्तर?

ताळा: समीकरणाचं उत्तर, हो. शाब्दिक उदाहरणाचं असेलच असं नाही. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचं उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग, इतकी माकडं गुहेत गेली आणि १ बाहेर दिसतं. कळपात क्ष माकडं मानली तर (क्ष/५ − ३)² + १ = क्ष, त्यावरून क्ष² − ५५क्ष + २५० = ०, म्हणजे (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०. वक्र ५ वरही अक्ष छेदतो आणि ५० वरही. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२. वर्ग केल्यावर ऋण चिन्ह झाकलं जातं, म्हणून ५ समीकरणात बसतं. माकडं मात्र −२ असू शकत नाहीत. भास्कराचार्यांनीही ५ नाकारलं आहे. तेव्हा लिहिताना ‘मुळे ५० आणि ५; उत्तर ५० माकडं’ असं वेगळं लिहावं.