कळव्याचा जुना दगडी पूल: ठेवायचा की पाडायचा?

खाडीकाठ:
ठाणे-कळवा जोडणाऱ्या ब्रिटिशकालीन पुलावरून आता गाड्या जात नाहीत. २०२२ मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाल्यापासून ‘पाडून टाका तो जुना’ असं सर्रास ऐकू येतं. माझा ठाम विरोध आहे. ओहोटीला कमानीखाली बघा. दगड पाचरीसारखे घडवलेत, वरून भार आला की एकमेकांत आणखी घट्ट बसतात. आत सळई नाही, केबल नाही, खाऱ्या हवेत गंजणार काय? डागडुजी करा आणि पायी जाणाऱ्यांना, सायकलवाल्यांना द्या.

कळवेकर:
आणि पायाचं काय? महाडला सावित्रीवरचा पूलही दगडी कमानींचाच होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी माणसांसकट वाहून गेल्या. खांबाच्या बुडाशी पाणी भोवरे करत माती उकरत राहतं, वरून चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आपल्या खाडीत तर वर्षानुवर्षं रेती उपसली गेली. मुलाला शाळेत सोडायला जाताना कितीदा या पुलावर कोंडीत अडकलोय. शेजारून बस गेली की पायाखाली थरथर जाणवायची. मी पोराचा हात घट्ट धरायचो. माझा जीव अजून घाबरतो.

खाडीकाठ:
भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण तुम्हाला थरथर बसची जाणवली, माणसांची नाही. पाणबुडे उतरवून पाया तपासा, मग ठरवा. नवं ते भक्कमच असं तर अजिबात नाही. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा, म्हणजे आत पोलादी केबल ताणून बसवलेला. त्याच्या केबल गंजल्या आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा बांधावा लागला.

सेक्टर सतरा, वाशी:
आमच्या पुलाला एवढ्यात निकालात काढू नका हो. तो नव्हता तेव्हा मुंबईहून पनवेल, पुण्याला जायचं तर ठाण्याला वळसा घालून कळवा-मुंब्र्यावरून जावं लागायचं. नवी मुंबई त्या पुलामुळे वाढली. पण याचा दुसरा अर्थही बघा: तोवरची मुंबई-पुण्याची सगळी रहदारी तुमच्या दगडी पुलाने पेलली. बैलगाड्यांच्या जमान्यात बांधलेल्या पुलाने! एवढ्यासाठी तरी मी ‘ठेवा’ म्हणेन.

कळवेकर:
पेलली म्हणूनच तर थकला असेल. बरं, तपासणी करा, पण अहवाल लोकांसमोर आला पाहिजे. पाया कच्चा निघाला तर काठाजवळच्या दोन कमानी आठवण म्हणून ठेवा, बाकीचा उतरवा.

खाडीकाठ:
अहवालाचं शंभर टक्के मान्य. दोन कमानी ठेवायचं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. शेजारशेजारच्या कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. मधली काढली की बाजूचीचा रेटा मोकळा होतो आणि तो अडवायला तिथला बारीक खांब पुरत नाही. ठेवायच्या कमानींना आधी भक्कम टेकू उभारावा लागेल.