मदत हवी आहे: धायटी घरच्या अंगणात लावता येईल का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला राहतो. गेल्या रविवारी आईला घेऊन पाताळपाणीला गेलो होतो. धबधब्याला या दिवसांत फारसं पाणी नसतं, पण उतारावरची धायटी अशी फुलली आहे की आई तिथेच थांबली. पानं बरीचशी गळलेली, आणि वाकलेल्या फांद्यांवर ओळीनं लालभडक नळ्यांचे झुबके. एक शिंजीर तर अगदी जवळ बसून एकेका नळीत चोच घालत होता. इकडे हिला धवई म्हणतात. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं ही औषधं आंबवायला हीच फुलं घालतात.

आमच्या अंगणात माघात कुंद फुलतो. तो ओसरला की तो कोपरा ओका पडतो. तिथे ही हवी आहे. डोंगरातलं झुडूप उपटून आणायचं नाही, हे नक्की. दोन नर्सऱ्यांत विचारलं, मिळाली नाही.

कोणी बियांपासून किंवा फांदी लावून वाढवली आहे का? तिथे ती मुरमाड, खडकाळ उतारावर वाढते, आणि आमची माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. मुरूम किती मिसळावा? वाफा उंच करावा का? आईनं जागा आखूनसुद्धा ठेवली आहे. स्वतः लावून पाहिलं असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.