मारिंबावर पट्ट्या चुकतात, हात बसवायला रियाज नेमका कसा करू?

पावणेसोळा_मात्रा

मंडळी, इथे कोणी झायलोफोन, मारिंबा (लाकडी पट्ट्यांवर काठीने वाजवायची वाद्यं) वाजवणारं असेल तर प्लीज सांगा. मी लहानपणापासून तबला वाजवतो, कॉलेजात ड्रम्स वाजवले, आणि गेल्या वर्षी एका हौशी ऑर्केस्ट्रात मॅलेट्सवर, म्हणजे गोल डोक्याच्या काठ्यांनी वाजवायच्या या वाद्यांवर आलो. घरी साडेतीन ऑक्टेव्हचा (सप्तकांचा) जुना झायलोफोन आहे, तालमीच्या हॉलमध्ये मात्र ४.३ ऑक्टेव्हचा मारिंबा, तो आठवड्यातून दोनदाच हाताला लागतो. घरी जे अगदी स्वच्छ जातं तेच तिथे घसरतं. लय सुटत नाही, मात्रा जागेवर पडते, पण सूर भलताच लागतो, जास्त करून खालच्या, म्हणजे डावीकडच्या खर्जाच्या बाजूला. डावा हात सीवर जायचा तर डीवर पडतो नाहीतर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. आत्ता एक तुकडा आहे, दोन ऑक्टेव्ह खाली उतरणारा जी मेजरचा आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक), टेम्पो ११२. पट्ट्यांकडे बघितलं तर नोटेशनमधली जागा हरवते, नोटेशनकडे बघितलं तर पट्टी चुकते. रोज दीड तास बसतो हो, मनापासून बसतो, पण तीन महिन्यांत तसूभर फरक नाही. रियाज वाढवू की पद्धतच चुकतेय?

खर्जातला_सा

पद्धत. आणि निम्मा दोष तुमच्या हाताचा नाहीच, दोन वाद्यांच्या मापांचा आहे. झायलोफोनच्या पट्ट्या बहुतेक सगळ्या एकाच रुंदीच्या असतात, ३८-४० मिमी. मारिंबाच्या वरच्या पट्ट्या तेवढ्याच, पण खाली जाल तशा रुंद होत जातात, अगदी खालच्या ६० मिमीच्या पुढे. म्हणजे वरच्या बाजूला एक ऑक्टेव्ह साधारण ३० सेंमीत बसतो आणि तोच खाली ४० च्या वर जातो. तुमचा हात घरी ३० सेंमी शिकलाय आणि तालमीत इमानदारीने ३० सेंमीच जातोय, म्हणून आखूड पडतो. आता इथे दीडाचे तीन तास केलेत तर चुकीचं अंतरच आणखी पक्कं होईल.

मी काय केलं होतं ते सांगतो. तालमीला अर्धा तास आधी जाऊन मेजर टेपने मारिंबाची एकेक पट्टी मोजली, रुंदी, मधली फट, वरच्या ओळीची (पेटीतल्या काळ्या पट्ट्यांसारखी ओळ) उंची, सगळं वहीत उतरवलं. घरी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर मार्करने खालचे दोन ऑक्टेव्ह खऱ्या मापात काढले आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवले, कारण त्याची उंची कमी-जास्त करता येते. मग जुन्या रबरी मॅलेटच्या डोक्याला निळा खडू चोळून तुकडा वाजवला. आवाज काही नाही, नुसती टपटप, पण पुठ्ठ्यावर ठिपके उमटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. माझे उजव्या हाताचे ठिपके पट्टीच्या मधोमध रुपयाएवढ्या गोलात होते, डाव्याचे सगळे उजव्या कडेला सांडलेले. आपण नेमके कुठे चुकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. (खडू फक्त पुठ्ठ्यावर, चुकूनही रोजवुडच्या पट्टीवर नको.)

दुसरं, खाली जाताना हात लांबवू नका, पाय हलवा. आर्पेजिओ सुरू व्हायच्या आधीच वजन डाव्या पायावर यायला हवं, कोपर अंगापासून फार लांब गेलं की मनगटाचा नेम गेलाच. तिसरं नजरेचं. सगळ्या पट्ट्यांकडे बघायची गरज नाही, फक्त उडीच्या पट्टीकडे बघायचं, आणि तेही हात निघायच्या आधी. आर्पेजिओ पाठच करा, तेवढ्या तुकड्यापुरतं नोटेशन लागताच कामा नये. नोटेशनचा स्टँड शक्य तेवढा खाली आणि त्या तुकड्याच्या अगदी समोर ठेवा, म्हणजे नोटेशन वाचतानाही पट्ट्या नजरेच्या खालच्या कडेला दिसत राहतात.

ठायलय

वरचं सगळं पटलं. माझी भर एवढीच की टेम्पो ५० वर आणा, दहा वेळा सलग बिनचूक आलं की ४ ने वाढवा, एक जरी चूक झाली तरी मोजणी परत शून्यापासून. तबल्यात आपण कायदा (बोलांची ठरलेली रचना) ठायीत, म्हणजे संथ लयीत, पक्का केल्याशिवाय दुगुणीला (दुप्पट लयीला) हात लावत नाही, तसंच. आणि प्रत्येक नोटखाली उ आणि डा लिहून टाका, उजवा-डावा एकदा ठरला की बदलायचा नाही. रोज वेगळं स्टिकिंग (हातांचा क्रम) म्हणजे रोज नवीन तुकडा शिकल्यासारखं होतं.

खर्जातला_सा

उ-डा शंभर टक्के बरोबर. शून्यावर जाणं मात्र मला मानवलं नाही. नवव्या वेळेला खांदे आवळले जातात आणि आवळलेल्या खांद्यांनी दहाव्या वेळी चूक होतेच. त्यापेक्षा चूक झाली की थांबा, कुठल्या दोन नोटांच्या मध्ये झाली ते शोधा, आणि तेवढीच उडी वीसेक वेळा करा. पूर्ण तुकडा चाळीस वेळा वाजवला तर त्यातल्या दोन नोटांना चाळीसच वेळा मिळतात, उरलेला सगळा वेळ जे येतंय तेच घोटण्यात जातो.

उडी करताना अजून एक, मारून झाल्यावर मॅलेट त्याच पट्टीवर उचलून मग आडवं नेऊ नका. उसळी आली की त्याच उसळीत ते पुढच्या पट्टीच्या डोक्यावर जाऊन थांबलं पाहिजे, मग खाली यायला फक्त सरळ रेघ उरते. ठाय लयीत हे थांबणं मुद्दाम दिसेल इतकं करा.

सुरमंडप

मी संतूर शिकते, त्यामुळे वाद्य वेगळं पण दुखणं हेच. आमच्याकडे तर सगळ्या तारा सारख्याच दिसतात, ओळखू येईल अशी पट्टी नसते, कलम (वाजवायची काडी) अंदाजानेच योग्य घोडीवर (तारा टेकतात त्या लाकडी आधारावर) उतरवावी लागते. पं. शिवकुमार शर्मांनी संतूर स्टँडवरून मांडीवर घेतलं ते झंकार आवरावा म्हणून, पण शिकणाऱ्याला त्याचा अजून एक फायदा, वाद्य आणि अंग यांतलं अंतर रोज तेच राहतं. तुमच्याकडे रोज तेच राहतं का? तालमीत मारिंबापासून किती लांब उभे राहता ते बघा आणि जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा. माझ्या गुरूंनी मला पहिले सहा महिने डोळे मिटून फक्त सा-प, सा-म, सा-सां अशा उड्या करायला लावल्या. कंटाळून मी रडकुंडीला यायचे, पण आज हात बसलाय तो त्याच्यामुळेच.

एडिसनची_आई

आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये पिटात (मैदानाच्या कडेला एका जागी उभ्या वादकांत) मारिंबा वाजवते. त्यांना सगळं पाठच वाजवावं लागतं, मैदानावर, वाऱ्यात. तिला विचारलं तर म्हणाली काकांना सांग वरच्या ओळीच्या पट्ट्या वेगात कडेला वाजवायच्या, मध्यावर जायला वेळ मिळत नाही, फक्त दोरी जाते त्या जागेवर नको, तिथे आवाज बसतो. आणि मोबाइल वरून खाली तोंड करून लावा आणि व्हिडिओ स्लो करून बघा, ती रोज बघते.

पावणेसोळा_मात्रा

सगळ्यांचे खूप खूप आभार, लेकीला खास थँक्यू सांगा. दहा दिवस झाले म्हणून लिहितोय. पुठ्ठा केला, खडू लावला, आणि डाव्याचे ठिपके पाहून थक्क झालो, एकजात उजवीकडे, काही तर शेजारच्या पट्टीवर दोन बोटं आत. आर्पेजिओतली फक्त शेवटची उडी, जी वरून डीवर, रोज दहा मिनिटं ६० च्या टेम्पोत केली, पाय आधी हलवून. काल तालमीत सहापैकी पाच वेळा डी स्वच्छ लागला, ९६ ला. एकदा चुकला तेव्हा मी चिकटपट्टीच्या खुणेच्या मागे उभा होतो. आता एक शंका, हाच पुठ्ठा चार मॅलेट्सला चालेल का, की तिथे आधी पकड पक्की करावी लागते? चार मॅलेट्सच्या पकडींपैकी क्रॉस ग्रिप थोडीफार येते, स्टीव्हन्स पकडीला अजून हात लावलेला नाही.