'सकारण स्पष्ट करा' म्हणजे टीप नव्हे

इतिहासाच्या पेपरात उत्तर लांबलचक लिहिलं की गुण जास्त, हे मला अजिबात पटत नाही. तीन गुणांना तीन ठोस मुद्दे पुरतात. मुलांचे गुण जातात ते प्रश्न नेमकं काय विचारतोय हे न पाहिल्यामुळे. 'बंगालच्या फाळणीला तीव्र विरोध झाला, सकारण स्पष्ट करा' असं आलं की १९०५, लॉर्ड कर्झन, १९११ साली फाळणी रद्द, अशी अख्खी टीपच उतरवतात. इथे कारण हवंय: सरकार कारभाराची सोय सांगत होतं, पण हिंदू-मुस्लिमांत फूट पाडून राष्ट्रीय चळवळ खिळखिळी करण्याचा डाव लोकांनी ओळखला. हे पहिल्याच वाक्यात यायला हवं. सन आठवत नसेल तर चुकीचा ठोकून देऊ नका, घटनांचा क्रम नीट सांगा. 'टीप लिहा' असा प्रश्न असेल तर मात्र सन, व्यक्ती, परिणाम हवेतच.