'सेन्सेइ' म्हणजे गुरुजी का? जपानी शाळेतल्या शब्दांची मराठी

प्रश्न : जपानच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला गेलेल्या परदेशी शिक्षकाच्या दिनक्रमावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. 'सेन्सेइ'ला 'गुरुजी', 'एएलटी'ला (असिस्टंट लँग्वेज टीचर) 'सहायक शिक्षक' आणि 'ओत्सुकारेसामा देशिता'ला 'धन्यवाद' असं लावलं तर चालेल का?

प्रतिसाद : तिन्ही बदला. 'सेन्सेइ'च्या जागी 'सर' किंवा 'बाई' बसतं. आपण 'जोशीसर', 'कुलकर्णीबाई' म्हणतो, तसंच तिथे 'तानाका सेन्सेइ'. नाव आधी, मान मागून. नुसतं 'सेन्सेइ!' अशी हाकही मारता येते. पण स्वतःची ओळख करून देताना कुणी स्वतःला सेन्सेइ म्हणत नाही. मराठीत 'मी सर आहे' असा परिचय खटकतो, तिथेही तो खटकतो. व्यवसाय सांगताना 'क्योओशि' किंवा 'क्योओइन' म्हणजे 'शिक्षक' म्हणतात. डॉक्टर, वकील, आमदार-खासदार, चित्रकथाकार यांनाही सेन्सेइ म्हणतात, त्यामुळे दवाखान्यातल्या प्रसंगात 'गुरुजी' आलं की वाचक गोंधळेल.
आणखी एक. जपानी शिक्षकांना आडनावाने हाक मारतात, परदेशी शिक्षकाला मात्र बहुधा पहिल्या नावाने, जसं 'मायकेल सेन्सेइ'. भाषांतरात हा फरक पुसू नका, परकेपणा तिथेच दिसतो.

प्रतिसाद : 'सहायक शिक्षक' तर नकोच. महाराष्ट्रात सहायक शिक्षक म्हणजे पूर्ण पात्रतेचा, वर्ग आणि निकाल सांभाळणारा नियमित शिक्षक. एएलटीचं जपानी पदनाम 'गाइकोकुगो शिदोओ जोशु', म्हणजे परदेशी भाषेच्या अध्यापनातला मदतनीस. तासाची जबाबदारी परवानाधारक जपानी शिक्षकाची असते. एएलटी उच्चार, संवाद, खेळ घेतो. परदेशी तरुणांना जपानच्या शाळांत आणणाऱ्या, 1987 साली सुरू झालेल्या सरकारी 'जेट' कार्यक्रमातून आलेले बहुतेक जण याच पदावर असतात. 'भाषा-सहायक' लिहा.

प्रतिसाद : आता 'ओत्सुकारेसामा', कारण चूक इथे सगळ्यात जास्त होते. मूळ क्रियापद 'त्सुकारेरु', म्हणजे दमणं. समोरच्याच्या श्रमांची दखल घेणारे हे बोल आहेत, आभाराचे नव्हेत. आभारासाठी 'आरिगातोओ गोझाइमासु' आहे. काम संपल्यावर 'देशिता' हे भूतकाळी रूप, आणि दिवसभरात व्हरांड्यात सहकारी भेटला तर 'देसु'.
शिक्षकांच्या खोलीतला संध्याकाळचा क्रम असा : निघणारा म्हणतो, 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु', म्हणजे तुमच्याआधी निघतो, माफ करा. थांबलेले म्हणतात, 'ओत्सुकारेसामा देशिता'. कायम शिक्षक शाळा सुटल्यावर मुलांच्या क्लबांसाठी, म्हणजे 'बुकात्सु'साठी थांबतात, एएलटीची करारातली वेळ आधी संपते. म्हणून पहिलं वाक्य त्याच्या वाट्याला जवळजवळ रोज येतं, आणि ते न बोलता निघून जाणं उद्धटपणाचं दिसतं.
याचाच भाऊबंद 'गोकुरोओसामा'. तो वरच्याने खालच्याला म्हणायचा. मुख्याध्यापकांना परदेशी शिक्षकाने म्हटला, तर साहेबांची पाठ थोपटल्यासारखं होतं.
मराठीत संवाद लिहिताना 'बरंय, निघतो मी' आणि 'या, बरीच दगदग झाली आज' इतपत जमेल. मूळ शब्द ठेवलात तर उच्चाराप्रमाणे 'देश्ता', 'शिमास' लिहा. तिथले 'इ' आणि 'उ' जवळपास ऐकूच येत नाहीत.

प्रश्न : मजकुरात 'क्योतो सेन्सेइ' वारंवार येतात. क्योतो शहराहून आलेले शिक्षक का?

प्रतिसाद : नाही, ते उपमुख्याध्यापक! पदनाम 'क्योओतोओ', दोन्ही 'ओ' लांब. शहर 'क्योओतो', शेवटचा 'ओ' आखूड. देवनागरीत 'ओ'ला ऱ्हस्व-दीर्घ भेद नसल्याने दोन्ही 'क्योतो' होतात आणि अर्थ बुडतो. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी, हेही असंच. लांब स्वर दोनदा लिहिण्याची पद्धत पहिल्या पानापासून ठेवा. अपवाद 'सेन्सेइ'चा. लिहिताना शेवटी 'इ' असला, तरी बोलताना 'ए' लांबतो.

प्रतिसाद : 'क्यूशोकु'साठी 'शालेय पोषण आहार' वापरू नका, मराठी वाचकाच्या मनात सरकारी योजनेची खिचडी येते. 'शाळेतलं जेवण' पुरे. यासाठी 1954 पासून स्वतंत्र कायदा आहे. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली पाळीची मुलं वर्गातच वाढतात, सोबत साधारण 200 मिलिलिटर दूध असतं. मुलांच्या निदान अर्धा तास आधी मुख्याध्यापक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती तेच जेवण चाखून तपासते, त्याला 'केन्शोकु' म्हणतात. एएलटीला बऱ्याचदा एखाद्या वर्गात मुलांबरोबर बसवतात. सगळ्यांना वाढून होईपर्यंत घास घ्यायचा नाही. मग एकसाथ 'इतादाकिमासु'. या क्रियापदात घेणारा स्वतःकडे लहानपणा घेऊन 'स्वीकारतो'. 'वदनी कवळ घेता' इथे घातलं, तर नसलेलं देवाचं नाव आत शिरेल. मूळ शब्द तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी अर्थ वाक्यातच उलगडा.