सल्ला हवा: कॉमन वीजबिल कमी करायचंय, पण कामाला पैसे कसे उभे करायचे?

नवी_सचिव
नमस्कार मंडळी. आमची इमारत ११ मजली, ९६ फ्लॅट, २२ वर्षं जुनी. या वर्षी सचिवपद माझ्याकडे आलंय आणि पहिल्याच महिन्यात कॉमन वीजबिल बघून झोप उडाली. जिने-पार्किंगचे दिवे, पाण्याचा पंप आणि दोन लिफ्ट, बास एवढंच आहे तरी मेंटेनन्सचा मोठा हिस्सा त्यातच जातोय. प्रत्येकाकडचे दर वेगळे असतात म्हणून रकमा टाकत नाही, वर्षाचं कॉमन बिल १०० धरा आणि पुढचे आकडे त्याच मापात वाचा. कोटेशनं अशी आहेत: सगळे दिवे एलईडी + जिन्यात सेन्सर ३५, नवा पंप ५०, गच्चीला पांढरा परावर्तक लेप ६०, लिफ्टचं मॉडर्नायझेशन ४५०. खात्यात १२० आहेत पण त्यातले निम्मे अडीअडचणीला ठेवायचेच, म्हणजे बजेट ६०. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही असं ठरलंय, आणि बँकेचं कर्ज नको असं निवृत्त सभासदांचं ठाम म्हणणं आहे. मला दिवे आणि पंप दोन्ही करायचेत. बाकीचे पैसे कुठून आणावेत? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

माजी_खजिनदार
ताई, सरळ बँकेचं कर्ज काढा. आम्ही ५ वर्षांचं काढलं होतं, हप्ता महिन्याच्या बचतीपेक्षा कमी बसवला, त्यामुळे सभासदांना एक पैसा जास्त भरावा लागला नाही. लिफ्ट, पंप, दिवे सगळं एकदम झालं. थोडं थोडं करत बसलात तर प्रत्येक वेळी मीटिंग, प्रत्येक वेळी भांडण.

गिअरलेस
लिफ्टच करा पहिली! आम्ही गिअरलेस मशीन आणि रिजनरेटिव्ह ड्राइव्ह बसवला. रिकामी लिफ्ट वर जाताना किंवा भरलेली खाली येताना मोटर उलट वीज तयार करते आणि ती इमारतीतच वापरली जाते. आवाज नाही, झटका नाही, पाहुणे आले की आधी लिफ्टचंच कौतुक करतात. ४५० जास्त वाटतात पण पुढची २० वर्षं बघायला नको.

नवी_सचिव
दादा बजेट ६० आहे हो. आणि आमच्या बिलात लिफ्टचा वाटा अंदाजे २०, दिवे ३८, पंप ३४, बाकी किरकोळ. लिफ्टची सगळीच्या सगळी वीज वाचली तरी ४५० वसूल व्हायला २२ वर्षं लागतील.

गिअरलेस
बचत हे एकच कारण नसतं ताई, सुरक्षितता पण असते. २२ वर्षांची लिफ्ट आहे तुमची.

सातवा_मजला
सुरक्षिततेसाठी करायची तर तसं सांगून करा आणि पैसे दुरुस्ती निधीतून घ्या. वीजबचतीच्या नावाखाली लिफ्ट घातली की हिशोब कधीच जुळत नाही, मग लोक म्हणतात बचत-बिचत सगळं थापा. आमच्याकडे हेच झालं आणि त्यानंतर साधे दिवे बदलायलाही तीन वर्षं कुणी मंजुरी दिली नाही.

एस्कोत_पोळलेला
कुणीतरी येऊन एस्को सुचवणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. एस्को म्हणजे कंपनी स्वतःच्या पैशाने काम करते आणि काही वर्षं तुमच्या बचतीतला हिस्सा घेते. ऐकायला फार गोड. आम्ही ७ वर्षांचा करार केला. बेसलाइन, म्हणजे ज्या जुन्या बिलाशी तुलना करायची ते बिल, त्यांनी नेमकं असं वर्ष पकडलं की ज्यात पंप दिवसरात्र चालू होता. नंतर पाणीपुरवठा आपोआप सुधारला, पंप कमी चालायला लागला, ती बचतसुद्धा त्यांचीच धरली. पुढे कॉमन मीटरवर गाड्यांची चार्जिंग आली, बिल वाढलं, तर म्हणाले वाढीव वापर वजा करून मोजायचं. तो वजा किती करायचा यावर दोन वर्षं पत्रव्यवहार चालला. कंपनी वाईट होती असं मी म्हणत नाही, आमचा करारच आंधळा होता.

मोजून_मापून
वर लिहिलंय ते सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ते लिफ्टच्या गप्पांत वाहून जाऊ नये. वाचलेली वीज मीटरवर दिसत नाही, फक्त वापरलेली दिसते. बचत म्हणजे "काम केलं नसतं तर किती लागली असती" यातून खरा वापर वजा, आणि त्यातला पहिला आकडा नेहमी अंदाजच असतो. यासाठी आयपीएमव्हीपी नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात बेसलाइन कशी धरायची, राहणारी माणसं, हवामान, नवी उपकरणं बदलली तर दुरुस्ती कशी करायची हे आधीच लिहून ठेवायचं असतं. कर्ज घ्या, एस्को करा नाहीतर स्वतःच्या पैशाने करा, आधी मोजा. दिवे, पंप, लिफ्ट प्रत्येकाला छोटा सबमीटर लावा, फार खर्च नाही. आणि ताई, आठवडाभर रात्री १ वाजता आणि पहाटे ५ वाजता रीडिंग घ्या. तेव्हा कुणी पाणी वापरत नाही, तरीही पंप चालत असेल तर काहीतरी गळतंय.

छतावरचा
अकराव्या मजल्यावर राहतो म्हणून सांगतो, गच्चीला लेप सगळ्यात आधी. स्लॅब दिवसभर तापते आणि रात्रभर खाली ओकते, एसी बंद होत नाही. पांढऱ्या लेपाने ऊन परत फिरतं, स्लॅब कमी तापते, हे सगळ्यांनी सिद्ध केलेलं आहे. ६० म्हणजे बरोबर तुमचं बजेट.

दुसरा_मजला
आणि एसीचं बिल कमी होणार कुणाचं? तुमचं. पैसे ९६ घरांचे. कॉमन बिलात त्याने शून्य फरक पडतो.

छतावरचा
गच्ची सगळ्यांची आहे ना? गळाली की सगळ्यांनी खर्च करायचा, तापली की एकट्याने सोसायचं? मी लिफ्टचा खर्च भरतो तेव्हा विचारतो का की दुसऱ्या मजल्यावरचे किती वापरतात?

भाड्याने_राहणारी
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. जो पैसे घालतो त्याला फायदा नाही आणि ज्याला फायदा त्याच्या हातात निर्णय नाही, ही जगभरची अडचण आहे. माझे घरमालक खिडक्या बदलत नाहीत कारण बिल मी भरते, आणि मी बदलत नाही कारण घर माझं नाही. पाच वर्षं झाली, त्याच भेगांतून हवा येते. वरच्या मजल्यांनी लेपाचा जास्त वाटा उचलावा, पूर्ण नाही.

पंपाचा_मिस्त्री
पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, लावा असं कुणी अजून म्हटलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

हिशोबी
मी म्हणणारच होतो! व्हीएफडीने वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते, घनाच्या नियमाने (वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते). नवीन पंप घेऊच नका, आहे त्यालाच व्हीएफडी लावा.

पंपाचा_मिस्त्री
तेच होणार हे माहीत होतं म्हणून लिहिलं. भाऊ तो नियम खरा आहे पण तो पंख्याला आणि बंद पाइपात गोल फिरणाऱ्या पाण्याला. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं म्हणजे ११ मजल्यांची उंची चढायचीच आहे, त्यात सूट नाही. वेग कमी केला की पाणी कमी चढतं, पंप जास्त वेळ चालतो, आणि एका वेगाखाली गेलात तर पाणी वर पोचतच नाही, मोटर नुसती फिरते. थेट नळाला प्रेशर देणारी हायड्रोन्यूमॅटिक सिस्टीम असेल, मागणी सारखी बदलत असेल, तिथे व्हीएफडी सोनं. टाकी भरायला योग्य मापाचा पंप हवा. ताई एक बघा, पंपाच्या डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवलाय का? असेल तर पंप गरजेपेक्षा मोठा आहे, आणि ५०चं कोटेशन बहुतेक जुन्याच मापाचं दिलं असणार. ३० वर्षं हेच काम करतोय, दहातल्या सात ठिकाणी नवीन पंप जुन्या पाटीवरचे आकडे बघून दिलेला असतो.

हिशोबी
आमच्याकडे व्हीएफडीने फरक पडला होता. आमची प्रेशर सिस्टीम आहे हे मात्र खरं.

वाचन_वेडा
पैशांबद्दल एक चांगलं उदाहरण आहे. जर्मनीत श्टुटगार्ट महापालिकेने १९९५ पासून स्वतःचाच फिरता निधी चालवलाय. पालिकेचाच ऊर्जा विभाग शाळा-दवाखान्यांना कामासाठी पैसे देतो, आणि बिलात जेवढं वाचेल तेवढं त्या खात्यातून निधीत परत येतं, मग तेच पैसे पुढच्या इमारतीला. बाहेरचा सावकार नाही, व्याज नाही. तुम्ही दिवे आत्ता करा, वाचलेले पैसे वेगळ्या खात्यात टाका, ते जमले की पंप. अट एकच, ते खातं कुणी सणावाराला फोडायचं नाही. उलट उदाहरण ब्रिटनचं, २०१३ मध्ये त्यांनी ग्रीन डील आणलं, कर्ज माणसाच्या नव्हे तर घराच्या वीजबिलावर, हप्ता अंदाजित बचतीच्या आत. कल्पना सुंदर, पण व्याज महाग आणि कागदपत्रं किचकट, लोकांनी फारसं घेतलंच नाही, २०१५ मध्ये सरकारने पैसे थांबवले.

माजी_खजिनदार
परदेशातल्या गोष्टी इथे काय कामाच्या. बँकेचं कर्ज घ्या.

वाचन_वेडा
काका, अमेरिकेत हाच हप्ता घराच्या मालमत्ता कराबरोबर वसूल करायची योजना बर्कलीतून सुरू झाली, २०१० मध्ये गृहकर्जाच्या नियामकाने अडवली, कारण घर विकलं गेलं तर या कर्जाची वसुली गृहकर्जाच्या आधी लागत होती. कर्ज कुणाच्या आधी, कुणाच्या मागे, हे बघावंच लागतं. बँक तुमच्याकडे काय तारण घेतेय ते वाचलंत का?

माजी_खजिनदार
आमच्याकडे ठेव ठेवली होती तारण. कर्ज फिटलं, विषय संपला.

सातवा_मजला
म्हणजे ठेव होतीच! मग स्वतःच्याच पैशावर व्याज का भरलंत?

शेजारची_इमारत
एस्को घ्यायचीच तर एकट्याने जाऊ नका. एका इमारतीचं काम त्यांना परवडत नाही, येतच नाहीत, आले तर अटी त्यांच्या. बर्लिनमध्ये १९९६ पासून सरकारी इमारतींचे गट करून एकत्र निविदा काढतात, चांगल्या-वाईट इमारती एकाच गठ्ठ्यात. तुमच्या गल्लीतल्या चार इमारती एकत्र करा. आम्ही तीन जमवल्या होत्या, चौथीच्या अध्यक्षांनी ऐनवेळी अंग काढलं.

दिवेवाला
दिवे पहिले. पॉइंट. जुनी ३६ वॉटची ट्यूब चोकसकट ४५ च्या वर खाते, जवळपास तेवढाच उजेड १८ वॉटच्या एलईडीत. कर्ज-बिर्ज काही नको.

सोलर_आमचं
सोलर लावा ना, बिलच शून्य!

मोजून_मापून
आधी वापर कमी, मग सोलर, नाहीतर गळक्या पंपासाठी पॅनेल विकत घ्याल. एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये साडेसहा हजार खिडक्या तिथल्या तिथे उघडून जुन्याच काचांमध्ये फिल्म आणि वायू भरला, उष्णता आत येणंच कमी केलं, म्हणून कूलिंगची यंत्रं बदलायची गरज पडली नाही, दुरुस्तीवर भागलं. क्रम चुकवला असता तर यंत्रं मोठी घेतली असती.

दिवेवाला
ते ऑफिस आहे, हे घर आहे. दिवे पहिले.

नवी_सचिव
सगळ्यांचे आभार, खरंच. काय झालं ते सांगते. आठ रात्री रीडिंग घेतलं. १ ते ५ मध्ये पंप रोज दोन-तीनदा सुरू होत होता. वॉचमन काकांना घेऊन पहाटे गच्चीवर गेले तर आगीसाठीच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा) अडकलेला, पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट पावसाच्या नळीत. किती महिने चालू होतं देव जाणे. व्हॉल्व्ह बदलला, पंप दिवसाला ९ तासांवरून साडेसहावर आला. आणि मिस्त्रीकाका, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह खरंच अर्धा बंद होता. प्रवाह आणि दाब मोजून घेतला, लहान पंपाचं कोटेशन ३८ आलं.

म्हणजे दिवे ३५ + पंप ३८ = ७३. आपल्याकडे ६०. कमी पडतात १३.

वाचन_वेडा
मग झालंच की. दिवे आत्ता करा, सात-आठ महिन्यांत १३ बचतीतूनच निघतात, तेव्हा पंप.

पंपाचा_मिस्त्री
मलाही तेच वाटतं. तास कमी झाले म्हणजे नवीन पंपाची बचतही कमी झाली, घाई नको.

माजी_खजिनदार
१३ साठी बँक तासाभरात कर्ज देईल.

नवी_सचिव
मी वेगळं ठरवलंय, काल सभेत मंजूरही झालं. १४ घरांनी मिळून १३ उभे केलेत, १८ महिन्यांसाठी, बँक ठेवीवर देते तेवढंच व्याज. ऑडिटरला आधी विचारलं, आपल्या नियमात बसतं असं त्यांच्याकडून लेखी घेतलं, प्रत्येकाला सही-शिक्क्याची पावती. दिवे आणि पंप दोन्ही याच महिन्यात. पंप थांबवला नाही कारण मोटर दोनदा रिवाइंड झालीये, ती मध्येच जळाली तर ९६ घरांना पाणी नाही, आणि त्या घाईत दुकानात जो मिळेल तो मोठा पंप पुन्हा येऊन बसेल. आणखी एक, ज्यांनी पैसे दिलेत ते आत्तापासून रोज मीटर बघायला खाली येतायत. कर्जाला सगळ्यात जास्त विरोध करणारे जोशीकाकूंसारखे निवृत्त लोकच सगळ्यात आधी पैसे घेऊन आले.

सातवा_मजला
शेजाऱ्याकडून उसने घेऊ नयेत ताई, आमच्याकडे यावरून दोन घरं अजून बोलत नाहीत. परतफेडीच्या तारखा बोर्डावर लावा.

छतावरचा
आणि गच्ची?

नवी_सचिव
तारखा लावल्यात बोर्डावर. गच्चीचं पुढच्या उन्हाळ्याआधी घेऊ, दहाव्या-अकराव्या मजल्याने किती वाटा उचलायचा ते तुमच्यासारख्या कुणी केलं असेल तर आकडे द्या, मी सभेत मांडते. सबमीटरचे आकडे दर महिन्याला इथे टाकेन. या महिन्याचा पंप: ७.४, आधी ९ च्या आसपास असायचा... थांबा, हा मी १०० च्या मापात टाकला नाही, तासांत आणि युनिटात गोंधळ झालाय, संध्याकाळी नीट करून टाकते.