हे इंजिन तुम्हाला किती इंजिनांना पडलं?

धागाकर्ता

गेल्या आठवड्यात फळीवरची मॉडेल रेल्वेची इंजिनं पुसायला काढली. मोजली तर चौदा भरली. त्यातली नेमाने रुळावर येतात ती चार. बाकीची दहा का घेतली ते एकेकाबद्दल आठवतं, पण आज त्यातलं एकही कारण पटत नाही. ताई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "अरे, एवढ्यात माझा पियानो झाला असता." तेव्हापासून आमच्यात वाद चालू आहे की कुणाचा छंद जास्त महाग.

हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं हो, आपण पावत्या जपत नाही इतकंच. म्हणून हा धागा. मॉडेल रेल्वेचं इंजिन घेतानाचे अनुभव लिहा, आणि दुसरा एखादा छंद असेल तर त्याच्याशी तुलनाही करा. फक्त चलनात लिहू नका. प्रत्येकाचा देश वेगळा, खरेदीचं साल वेगळं, त्यातून काहीच कळत नाही. एकक ठरवून घेऊ: एचओ मापाचं (१:८७, दोन रुळांत १६.५ मिमी अंतर), नवं कोरं, आवाज नसलेलं साधं डिझेल म्हणजे 'एक इंजिन'. सगळं या मापात मोजायचं.

सुरुवात माझ्यापासून. ही दहा आली ती भीतीपोटी. कारखाने एका मॉडेलची ठरावीक खेप काढतात आणि पुढच्याकडे वळतात. तेच पुन्हा कधी निघेल, निघेल की नाही, काही सांगता येत नाही. म्हणून जाहिरात दिसली की आपण आगाऊ नोंदणी करून मोकळे. एक वाफेचं इंजिन असंच नोंदवलं, सव्वा इंजिनाला. आलं ते दीड वर्षाने. मधल्या काळात माझं पश्चिम जर्मनीतलं स्टेशन ज्या काळातलं दाखवतो, तो काळ १९६० वरून सरकत सरकत १९८० वर पोचला होता. पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने वाफेची इंजिनं १९७७ मध्येच बंद केली. आता ते पाहुण्यासारखं फळीवर बसलंय.

सांधेवाला

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी.

सुरुवातीला सेट घेतला. छोटं इंजिन, तीन डबे, रुळांचं एक अंडाकृती वर्तुळ, एक कंट्रोलर. तो सगळा मिळून एका इंजिनापेक्षा थोडाच महाग होता. मला वाटलं, फारच स्वस्त छंद दिसतोय. मग दोन महिन्यांनी पाच जोड चाकांचं लांबलचक मालगाडीचं इंजिन घेतलं. रुळावर ठेवलं, सरळ भागात झोकात धावलं, आणि पहिल्याच वळणावर आडवं झालं. चाकं तपासली, रूळ तपासले, विक्रेत्याला दोन रागाचे निरोपही पाठवले. त्याने शांतपणे उलट विचारलं, "तुमच्या वळणाची त्रिज्या किती?" मला वळणाला त्रिज्या असते हेच माहीत नव्हतं. म्हणजे शाळेत शिकलो होतो, पण ती आपल्याला कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

सेटमधलं वळण ३६० मिमीचं होतं. इंजिनाच्या खोक्यावर बारीक अक्षरात किमान ४३७.५ मिमी छापलेलं. मग सगळी वळणं नवी घेतली. वळणं मोठी झाली म्हणून फळी रुंद केली. फळी रुंद केल्यावर मध्ये जागा उरली, ती रिकामी कशी ठेवायची, म्हणून दोन फाटे काढले. फाटे म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे आले, सांधे म्हणजे ते दुरून बदलायच्या मोटारी आल्या. ते एक इंजिन मला शेवटी साडेचार इंजिनांना पडलं. अजूनही तेच सगळ्यात लाडकं आहे, हा भाग वेगळा.

जुनंपुराणं

वापरलेलं इंजिन घेणाऱ्यांसाठी. लिलावात एक दिसलं, "एकदाच चालवलेलं, कायम खोक्यात." फोटोत रंग तकतकीत होता. अर्ध्या इंजिनाला मिळालं. घरी आलं ते ढिम्म. कवच काढायला गेलो तर निघेना, कारण आतली धातूची चौकट फुगून कवचाला घट्ट भिडली होती. जरा जोर लावला आणि चौकटीचा कोपरा खडूसारखा तुटून हातात आला.

याला 'झिंक पेस्ट' म्हणतात. इथे पेस्ट म्हणजे कीड, डिंक नव्हे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहून गेली की तो पुढे कित्येक वर्षं आतल्या आत फुगत राहतो, तडकतो, भुगा होतो. खोक्यात ठेवा नाहीतर काचेच्या कपाटात, त्याला काही फरक पडत नाही. इलाजही नाही, चौकटच बदलावी लागते, तीही मिळाली तर. मी समजत होतो की हे शंभर वर्षांपूर्वीच्या खेळण्यांचं दुखणं आहे. माझं इंजिन त्या मानाने कालपरवाचं होतं.

आता मी विक्रेत्याकडे दोनच गोष्टी मागतो. इंजिन पोलादी पट्टीला लावून काढलेला बाजूचा फोटो, म्हणजे चौकटीला बाक आलाय का ते दिसतं. आणि अगदी मंद चालतानाचा व्हिडिओ. जोरात काय, काहीही धावतं. गोगलगायीसारखं न अडखळता चाललं तर मोटर आणि दातेरी चाकं ठीक आहेत असं समजायचं.

उलट अनुभवही सांगतो. 'बंद आहे, सुट्या भागांसाठी' म्हणून एक पाव इंजिनाला घेतलं होतं. आत फक्त जुनं वंगण आटून डिंकासारखं चिकट झालेलं. धुतलं, थेंबभर नवं तेल दिलं, चाकांवरची कडक झालेली रबरी कडी बदलली. गेली सहा वर्षं धावतंय.

मासोळी

आमच्या घरात नवरा इंजिनवाला आणि मी मासेवाली, तेव्हा तुलना दोन्ही बाजूंनी करू शकते. माझी टाकी, फिल्टर, दिवा, वनस्पती मिळून पहिल्या वर्षी दोन इंजिनं झाली. तो तेव्हा मिशीतल्या मिशीत हसत होता. पण त्याची दोन इंजिनं घेतली की घेऊन झाली. माझी टाकी दर महिन्याला काही ना काही मागते. आम्ही दहा दिवस बाहेर गेलो तर त्याची गाडी यार्डात उभी असते, तिला कुणी विचारत नाही. माझ्या माशांसाठी माणूस शोधावा लागतो आणि त्या माणसाला परत आल्यावर काहीतरी द्यावं लागतं.

माझा सगळ्यात महाग धडा घाईचा. नव्या टाकीत आधी जिवाणू रुजावे लागतात. माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचं ते नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यासाठी काही आठवडे थांबायचं असतं. मी चौथ्या दिवशी मासे सोडले. पुढचं लिहीत नाही. इंजिन रुळावरून पडलं तर उचलून परत ठेवता येतं, हा त्या छंदाचा मोठा गुण आहे आणि तो नवऱ्याला कळत नाही.

नऊ मिलिमीटर

मी जागा नाही म्हणून एन मापात गेलो (१:१६०, रुळांत ९ मिमी). हिशोब असा केला होता की तेच दृश्य एचओच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी जागेत बसतं, म्हणजे खर्चही तिसरा हिस्सा. जागेचा हिशोब बरोबर निघाला. खर्चाचा साफ चुकला. इंजिन अर्ध्या आकाराचं असलं तरी त्यातली मोटर, दातेरी चाकं, छपाई, जोडणाऱ्याचे तास काही अर्धे होत नाहीत. माझं पहिलं एन इंजिन ०.९ इंजिनाला पडलं. आणि जागा वाचली म्हणून मी स्टेशनच दुप्पट केलं. आता बारा डब्यांची गाडी पूर्ण उभी राहते, एचओवाल्यांनो, जळा.

धूरवाला

जुन्या इंजिनात डीकोडर बसवू पाहणाऱ्यांनो, थांबा. डिजिटल पद्धतीत रुळातून सतत वीज वाहते आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर फक्त आपल्या नंबरचा हुकूम ऐकतो. नवीन इंजिनात त्यासाठी खाच असते, डीकोडर खोचला की झालं. जुन्यांत खाच नसते, आणि बऱ्याच इंजिनांत मोटरचा एक ब्रश (तिला वीज पोचवणारा तुकडा) सरळ चौकटीला टेकलेला असतो. तो आधी वेगळा करावा लागतो. मी तारा नीट जोडल्या, रंग जुळवले, आणि तेवढंच विसरलो. क्षणभर माझ्या डिझेलमधून खऱ्या डिझेलसारखा धूर निघाला. पाव इंजिन गेलं. आवाजवाला डीकोडर असता तर अर्ध्याहून जास्त गेलं असतं.

तेव्हापासून मल्टिमीटर लावून मोटर आणि चौकट यांत संबंध उरला नाही ना, हे बघितल्याशिवाय मी तार जोडत नाही.

पाखरू

दुर्बीण ८×४२. एकच, अकरा वर्षं. दीड इंजिन. बाकी सगळं पायांवर.

मासोळी

@पाखरू, आणि पक्षी बघायला जाता तो प्रवास?

पाखरू

प्रवासही धरायचा होता का? मग मी काही बोललोच नाही असं समजा.

मागे उरलेली

मी स्वतः कधी इंजिन घेतलं नाही. विकली मात्र पुष्कळ. बाबा गेले तेव्हा कपाटात अडतीस होती. प्रत्येक खोक्याच्या तळाशी त्यांनी पेन्सिलीने तारीख आणि किंमत लिहिलेली. एका संध्याकाळी मी बेरीज करायला बसले आणि अर्ध्यावर वही मिटली.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी थोडं लिहिते. एका व्यापाऱ्याने सगळी एकगठ्ठा मागितली, बाबांनी दिलेल्या पैशांच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात. मला वाटलं लुबाडतोय. मग एकेक करून विकायला लागले तेव्हा त्याचंही म्हणणं समजलं. बाबांची इंजिनं मार्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन संपर्कांच्या पद्धतीची होती. रुळांच्या मधोमध बारीक खिळ्यांची ओळ असते, इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यावरून घासत वीज घेते. त्यांची चाकं दोन रुळांच्या पद्धतीवर तशीच ठेवली तर शॉर्ट होतो. म्हणजे निम्मे विचारणारे पहिल्या प्रश्नातच गळायचे. उरलेले खोकं विचारायचे. खोकं आहे? मूळचं? आतला साचा आहे? माहितीपत्रक? एकाने तर इंजिनाबद्दल काहीच विचारलं नाही.

सगळी जायला चौदा महिने लागले आणि हाती निम्म्याच्या थोडं वर आलं. मी फोटो काढते, म्हणून सांगते, माझ्या जुन्या कॅमेऱ्यांचे याहून हाल झाले. लेन्सनी मात्र किंमत राखली. तेव्हा विकताना काय येईल हे मोजायचं असेल तर इंजिन काही अगदीच वाईट नाही. आई म्हणायची, "यांनी सिगारेट ओढली नाही, इंजिनं ओढली."

सदतीस विकली. अडतिसाव्याला खोकं नव्हतं, चाकांवरचा मुलामा झिजून खालचा धातू दिसत होता. त्याला कुणी विचारलंच नाही.

खडीफोड्या

कुणी तासांचा हिशोब का मांडत नाही? माझ्याकडे सगळ्यात महाग इंजिन दोन इंजिनांचं आहे. ते वर्षभरात फार तर सहा तास धावलं असेल. आणि रुळांखाली खडी टाकायला मला तीन आठवडे लागले, रोज संध्याकाळी. त्या खडीचा खर्च एका इंजिनाचा विसावा भागही नाही. पांढरा डिंक पाण्यात पातळ करायचा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा म्हणजे तो खडीवर गोळा होऊन न बसता आत झिरपतो, मग थेंबाथेंबाने सोडायचा. सांध्याच्या हलत्या पट्टीपाशी मात्र ब्रशनेच, नाहीतर सांधा जन्माचा चिकटतो. (माझा चिकटलाय. उत्तरेकडचा फाटा सध्या देखभालीसाठी बंद आहे असं पाहुण्यांना सांगतो.)

झाडं वाळक्या काड्यांची, डोंगर फोमचा आणि प्लास्टरचा. या छंदातलं जे जवळपास फुकट आहे तेच सगळ्यात जास्त वेळ खातं. आणि पैसे मात्र आपण फळीवर बसणाऱ्यावर घालतो.

धागाकर्ता

खडीफोड्या, फळीवर बसणाऱ्यांबद्दल बोलताय म्हणजे माझ्याबद्दलच. मान्य.

ताईला सगळं वाचून दाखवलं. वापरलेला चांगला पियानो तिने विचारून ठेवला होता, आमच्या मापात अकरा इंजिनं. मी लगेच म्हटलं, "वर्षातून दोनदा ट्यूनिंग धर. तो वर न्यायला माणसं लागतील ती धर." ती म्हणाली, "धरते. तू वळणं, सांधे, डीकोडर आणि त्या फळ्या धर." धरलं. चौदा इंजिनांचा ढीग एकवीस इंजिनांना पडलाय. पियानो पाच वर्षांच्या ट्यूनिंगसकट तेरा. वाद संपला, आणि ती जिंकली हे इथे जाहीरपणे लिहायची अट तिने घातली होती, ती पूर्ण केली.

दहातली सहा विकायला काढतोय. सगळ्यांचे खोके आहेत, मूळचे, आतल्या साच्यासकट. पोलादी पट्टीला लावून फोटोही काढलेत. ते वाफेचं कुणाला हवंय का? एकदाही वळणावर गेलेलं नाही.

सांधेवाला

मला हवंय. पण किमान त्रिज्या किती ते आधी सांगा.